हो सर

९ जून

नव्या कमांडंट सरांनी आज सगळ्या अधिकाऱ्यांना सांगितलं, की ज्याला पुढे जायचंय त्याने रोज चार ओळी तरी लिहाव्यात, डोकं ताळ्यावर राहतं. म्हणून आजपासून लिहितेय. मराठीत, कारण मेसमध्ये मराठी वाचणारं फारसं कोणी नाही. माझं मराठी चामराजपेटचं, कन्नडात भिजलेलं. चालेल.

कर्नल मल्हार इंगवले. असा माणूस मी सहा वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. परवा यशवंतपूर स्टेशनावर रिक्रूटांची नवी तुकडी उतरली, तर सर स्वतः घ्यायला गेले. काल सकाळच्या धावेत सगळ्यांच्या पुढे होते. विशीतली पोरं मागे धापा टाकत होती आणि सर उलटे वळून, उलट्या पावलांनी धावत त्यांना हाका मारत होते. हे प्रशिक्षण केंद्र इतकी वर्षं झोपलेलं होतं. आता जागं होणार.

मी त्यांची ॲडजुटंट. हजेरी, रजा, शिक्षा, तक्रार, सगळं माझ्या टेबलावरून सरांकडे जातं आणि सरांचा शब्द माझ्या तोंडून खाली जातो. या माणसाच्या हाताखाली काम मिळालं हे माझं नशीब.

१७ जून

आज सर पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलले. बाकीचे अधिकारी समोर बसलेले असताना. म्हणाले, "अक्षरा, या लोकांना वेग म्हणजे काय ते कळत नाही. तुला कळतो." कॅप्टन थॉमस आणि केंद्राचा डॉक्टर एकमेकांकडे पाहत राहिले, दोघांनाही मराठी येत नाही. दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

सरांचं एक वाक्य मी लिहून ठेवलंय: माझ्याकडे अडचण आणू नका, उपाय आणा.

२ जुलै

आज थोडा तमाशा झाला. मेसचा हवालदार जनरेटर बिघडल्याचं सांगायला आला. सरांनी त्याला उपाय विचारला, तो चाचरला. सरांच्या हातातला कप भिंतीवर गेला. त्याला लागला नाही, शर्टावर चहा उडाला फक्त. सरांना ढिलेपणा सहन होत नाही. नंतर मला म्हणाले, की त्या माणसाला हे जन्मभर लक्षात राहील. खरं आहे.

आणि परिणाम दिसतोय. पूर्वी सकाळी माझ्या दारात रांग असायची. याची रजा, त्याची पाण्याची मोटर, कुणाच्या बराकीचं छप्पर. आता दार मोकळं. या आठवड्यात एकही तक्रार नाही. आजारी पोरांची रांगसुद्धा संपली, डॉक्टरला काम उरलं नाही. एक माणूस महिन्याभरात एवढं बदलू शकतो.

१४ जुलै

रविवार म्हणून घरी गेले. आईने बिसीबेळे भात केला होता. अण्णा जेवायला उशिरा आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना वेळेचं भान राहिलेलं नाही. शेजारच्या गिरणीत गप्पा मारत बसले होते. मी त्यांना म्हटलं, "कारण नको, उपाय सांगा." अण्णा हसले. मग माझ्याकडे पाहून हसायचे थांबले.

धाकटी कस्तुरी के. आर. पुरमच्या पुढे कुठल्याशा आयटी कंपनीत जाते, रोज बस-मेट्रोत तिचा जीव जातो. ती रडगाणं गायला लागली तेव्हा मी तिलाही सरळ केलं. ती म्हणाली, "अक्का, तू हल्ली आमच्याशी बोलत नाहीस. आम्हाला तपासतेस." लाडावलीय. केंद्रात एक महिना ठेवली तर सरळ होईल.

२९ जुलै

उपकमांडंट लेफ्टनंट कर्नल नंदकिशोर भोईटे यांच्याविषयी लिहायचं राहून गेलंय. लिहिण्यासारखं काही नाही म्हणूनच. नागपूरचे, पन्नाशीचे, बढती चुकलेली. मराठी असून माझ्याशी हिंदीतच बोलतात. लाज वाटत असावी.

आज बैठकीत सरांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. मुख्यालयाला पाठवायचा अहवाल उशिरा गेला. भोईटे उभे राहून म्हणाले, "चूक माझी, सर." मग सर बराच वेळ बोलत राहिले. वय, बढती, काहीच सोडलं नाही. भोईटे प्रत्येक वाक्याला "हो सर" म्हणत उभे. इतकं मुकाट ऐकून घेणारा माणूस पाहिला की मला चीड येते. पाठीला कणाच नाही. मला तर वाटत होतं तो अहवाल माझ्याकडेच राहिला होता. पण ते स्वतःच कबूल झाले, म्हणजे त्यांच्याकडेच असणार. वाचले मी.

आणि हे गृहस्थ सकाळी बराकीत फिरून पोरांच्या कपाळाला हात लावून बघतात. ज्याचं अंग गरम लागेल त्याला मागच्या वाटेने डॉक्टरकडे धाडतात. लेफ्टनंट कर्नलला हे शोभतं का?

११ ऑगस्ट

अडथळ्यांच्या मैदानाचा उस्ताद, म्हणजे पोरांना शिकवणारा, हवालदार वासुदेव गुरव ऑफिसात आला. कोल्हापूरकडचा, कमी बोलणारा. बराच वेळ दाराशी घुटमळत होता. म्हणाला, उंच तुळई आवाज करतेय. खाली खोल खड्डा, त्यावरून आडवं टाकलेलं लांबलचक लाकूड, पोरं त्यावरून पळत जातात. पावसाने आतून कुजलंय असं त्याला वाटतं.

मी विचारलं, उपाय? तो म्हणाला, मैदान बंद ठेवायचं आणि नवं लाकूड मागवायचं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात जनरल साहेब प्रात्यक्षिक बघायला येणार आहेत, मैदान बंद हा उपाय नसतो. हे घेऊन मी सरांसमोर गेले असते तर माझ्याच अंगावर आलं असतं. त्याला परत पाठवलं. सॅल्यूट करून गेला. सरांनी माझ्या जागी हेच केलं असतं.

१६ ऑगस्ट

भोईटे सरांनी तुळईचा सराव पुन्हा रद्द केला. परवा गवत कापायचं होतं, आज म्हणे साप दिसला. आळशी माणसाला कारणं बरोबर सुचतात.

२४ ऑगस्ट

थॉमसने बदली मागितली. त्याच्याआधी शेट्टीने, तोही कॅप्टनच. सर म्हणाले, कोंडा उडतोय, दाणा राहील. मेसमध्ये आता जेवण लवकर आटोपतं. सर टेबलावर असले की कोणी फालतू बोलत नाही. नसले तरी कोणी बोलत नाही.

३ सप्टेंबर

आजची बैठक गाजली. प्रात्यक्षिकाचा क्रम ठरत होता. शेवटचा अडथळा उंच तुळई, त्यावरून पोरं पूर्ण वेगात धावत जाणार. भोईटे सर उभे राहिले आणि म्हणाले, की तुळई सुरक्षित नाही, ती वगळावी. सरांनी हसून विचारलं, "नंदकिशोर, तुम्हाला उंचीची भीती वाटते की वयाची?"

सगळे हसले. मीही हसले. सरांचा विनोद असा धारदार असतो.

भोईटे हसू संपेपर्यंत थांबले आणि तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणाले. सरांचा चेहरा बदलला. म्हणाले, "एवढी खात्री आहे तर आधी स्वतः चढून दाखवा." भोईटे म्हणाले, "हो सर." आणि खाली बसले.

६ सप्टेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

आज जनरल साहेब यायचे होते. सकाळी पोरं अडथळ्यांसमोर रांगेत उभी होती, वासुदेव त्यांच्या पुढे. मी खुर्च्या तपासत होते. भोईटे सर आले. टोपी आणि घड्याळ काढून वासुदेवकडे दिलं आणि शिडी चढू लागले. मला वाटलं म्हातारा चिडून नाटक करतोय. मी ओरडले, "सर, वेळ नाहीये." त्यांनी ऐकलं नाही.

तुळईवर मध्यापर्यंत गेले. तिथे थांबले. मग जाग्यावर उडी मारली. पुन्हा मारली, अधिक जोरात. मला आता कळतंय, ते त्या लाकडाला धावत येणाऱ्या पोरांचं वजन देऊन बघत होते. पुढच्या उडीला तुळई मधोमध मोडली.

ते खड्ड्यात पडले त्याचा आवाज झाला, त्यांचा नाही. वासुदेव माझ्याआधी खाली पोचला. मांडीचं हाड मोडलेलं दिसत होतं. रिक्रूट रांग सोडून धावले, तर भोईटे सर खालून म्हणाले, "जागेवर. लाकडाच्या खाली कोणी येऊ नका." तशा अवस्थेत.

कमांडंट सर आले. मोडकी तुळई पाहिली, खड्ड्यात पाहिलं आणि मला विचारलं, "जनरल साहेब किती वाजता पोचतात?"

७ सप्टेंबर

काल प्रात्यक्षिक झालं. अडथळे वगळून कवायत दाखवली. जनरल साहेब खूश होऊन गेले. कमांडरला आधी कामगिरीचा विचार करावा लागतो, भावनेला जागा नसते. मला हे कळतं. रात्रभर मी स्वतःला हेच सांगत होते.

कमांडंट सर अजून भोईटे सरांना बघायला हॉस्पिटलात गेलेले नाहीत. कामात असतील.

१० सप्टेंबर

सरांनी चहाला बोलावलं. मराठीत, अगदी घरच्यासारखं. चौकशी बसणार आहे. मला पहिली साक्ष द्यावी लागेल, कारण बैठकीला मी होते. सर म्हणाले, बैठकीत तुळईचा विषय निघालाच नव्हता. नंदकिशोरचं डोकं गेले काही दिवस ठिकाणावर नव्हतं, बढती गेल्याचं त्याने मनाला लावून घेतलं, सर्वांसमोर काहीतरी करून दाखवायची खुमखुमी आली. आणि लाकूड खराब होतं तर उस्तादाने कळवायला हवं होतं, त्याची हवालदाराची फीत जाईल. मग म्हणाले, "परदेशी शांतिसेनेसाठी तुझं नाव मी पाठवलंय. एवढ्या लवकर कुणाचं जात नाही."

मी "हो सर" म्हणाले. तोंडातून आपोआप गेलं.

सरांनी माझ्यासाठी केलंय ते खोटं नाही. हे मी विसरू शकत नाही.

१२ सप्टेंबर

वासुदेवला बोलावून विचारलं, की चौकशीत काय सांगणार. त्याने समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं, की आपण कोणालाच कळवलं नव्हतं असं सांगणार. मी म्हटलं, तू मला सांगितलं होतंस. तो म्हणाला, "तसं बोललो तर तुमचं नाव येईल, मॅडम."

मला वाटलं तो माझी काळजी करतोय. मग त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. पँटच्या शिवणीला घट्ट धरलेले होते, कप फुटला त्या दिवशी मेसच्या हवालदाराचे होते तसे. तो मला घाबरत होता. सरांना नाही. मला.

१५ सप्टेंबर

घरी गेले. अण्णांना सगळं सांगितलं, तुळई, बैठक, शांतिसेना. आई आत गेली. अण्णा ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, "ते सगळे हसले तेव्हा तूपण हसलीस काय गं?"

मी हो म्हटलं.

अण्णांनी उठून माझं ताट वाढून आणलं, समोर ठेवलं. "स्वल्प तरी जेव," म्हणाले. मी भात नुसता चिवडत होते. कस्तुरी बाजूला येऊन बसली, माझ्या खांद्याला खांदा लावून. एका शब्दाने तिने मागचं काढलं नाही. लहान असून किती मोठी आहे.

१८ सप्टेंबर

हॉस्पिटलात गेले. भोईटे सरांच्या पायात सळी घातलीय. खाटेशी दोन रिक्रूट बसले होते, एक बिहारचा, एक केरळचा. सर त्यांना पत्ते शिकवत होते. मला पाहून पोरं ताडकन उभी राहिली आणि निघून गेली.

मी विचारलं, अहवाल माझ्याकडेच राहिला होता ना? ते म्हणाले, हो, टेबलाच्या डाव्या कप्प्यात होता. मग तुम्ही का ऐकून घेतलंत? तेव्हा पहिल्यांदा ते माझ्याशी मराठीत बोलले. वऱ्हाडी हेल आहे त्यांच्या बोलण्याला.

"ते ओरडणारच होते. माझ्यावर ओरडून दमले की खाली पोचत नाही. तुझ्यावर ओरडले असते तर तू संध्याकाळी वासुदेववर ओरडली असतीस, तो पोरांवर. मी कोणावर ओरडत नाही, म्हणून माझ्याशी ते संपतं."

मी मग विचारलं, मराठी येत असून हिंदीत का बोलता? म्हणाले, आपण दोघं मराठीत बोललो की बाजूच्या माणसाला वाटतं त्याच्याविषयीच चाललंय. भाषेने केंद्रात दोन खोल्या होतात. मला कमांडंट सरांचं ते पहिलं मराठी वाक्य आठवलं आणि एकमेकांकडे बघणारे थॉमस आणि डॉक्टर आठवले.

पण ते असंही म्हणाले, की सगळं ऐकून घेतलं हे बरोबरच केलं असं त्यांना वाटत नाही. जनरेटरवरून कप फुटला त्याच दिवशी वर कळवायला हवं होतं. आपण अंगावर घेत राहिलो म्हणून बाहेर काही दिसलं नाही. "ढाल फार दिवस धरली की मागच्या लोकांना लढाई चालू आहे हेच कळत नाही."

शेवटी मी विचारलं, की साक्षीत काय सांगू. त्यांनी मान हलवली.

"ते तूच ठरव. मी सांगितलं तर तोही एक हुकूमच होईल."

२२ सप्टेंबर

साक्ष झाली. चौकशीला बाहेरच्या तुकडीचे एक ब्रिगेडियर आलेत, दाट भुवयांचे, तुटक बोलणारे. कमांडंट सर समोरच बसले होते, ज्याच्यावर ठपका येऊ शकतो त्याला हजर राहू द्यायचं, नियमच तसा आहे. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलकेच डोलावली, धीर द्यायला डोलवावी तशी.

मी सांगितलं. तुळईचा विषय बैठकीत दोनदा निघाला. कर्नल इंगवले यांनी उपकमांडंटना आधी स्वतः चढून दाखवायला सांगितलं. हवालदार गुरव ऑगस्टमध्ये माझ्याकडे आला होता, मी त्याला परत पाठवलं, वर कळवलं नाही. ब्रिगेडियरनी विचारलं, का कळवलं नाही? मी म्हटलं, भीती वाटली. एवढ्या वर्षांत गणवेशात असताना हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. मग विचारलं, बैठकीत भोईटेंच्या बाजूने कोणी बोललं का? मी म्हटलं, "नाही सर. सगळे हसले. मीही हसले."

कमांडंट सरांनी मला प्रश्न विचारायचा हक्क वापरला नाही. नुसते बघत होते. वाईट हे की त्या क्षणीसुद्धा मला त्यांची शाबासकी हवी होती.

माझ्यानंतर डॉक्टर आत गेला. तो बराच वेळ आत होता. मग मेसचा हवालदार. मग वासुदेव. बाहेर येताना त्याने माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे नाही.

१९ ऑक्टोबर

कर्नल इंगवले गेले. दिल्लीत कुठेतरी टेबलाचं काम दिलंय, पुढचं तिथेच ठरेल. मला लेखी नाराजी मिळाली, ती फाइलमध्ये कायम राहणार. शांतिसेनेचं अर्थात गेलं. वासुदेवची फीत शाबूत आहे.

निघायच्या दिवशी ते ऑफिसात एकटेच होते. मी सॅल्यूट केला. ते म्हणाले, "तुझ्यात दम होता, अक्षरा. वाया घालवलास." त्यांच्यासारखं धावणारं मी अजून कोणी पाहिलेलं नाही. पोरांच्या पुढे उलटं वळून धावणारा तो माणूस खराच होता, कप भिंतीवर फेकणाराही खरा. दोन्ही एकाच माणसात कसे राहतात ते मला सांगता येत नाही.

५ डिसेंबर

भोईटे सर आज गेले. पाय पूर्वीसारखा होणार नाही असं हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. नागपूरची गाडी यशवंतपूरहून होती. टॅक्सी त्यांनी स्वतःच मागवली होती, कोणाला त्रास नको म्हणून.

फौजेत रीत आहे, की कमांडंट निरोप घेतो तेव्हा त्याच्या जिप्सी जीपला दोर बांधून अधिकारी ती फाटकापर्यंत ओढतात. उपकमांडंटसाठी अशी रीत नाही. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं, कोणीही सांगितलं नव्हतं. पण मी मेसबाहेर आले तर जिप्सीला दोर बांधलेला होता. दोराच्या दोन्ही बाजूंनी वासुदेव, डॉक्टर, मेसचा हवालदार, स्वयंपाकी आणि सुट्टी असलेली सगळी रिक्रूट पोरं उभी होती. फाटकावरच्या शिपायाने टॅक्सी बाहेरच थांबवून ठेवली होती.

भोईटे सर काठी टेकत आले आणि वैतागले. म्हणाले, हे काय, गाडीला इंजिन आहे. वासुदेव म्हणाला, "बंद पडलंय, सर."

थोड्या वेळापूर्वीच मी ते चालू असल्याचं ऐकलं होतं. भोईटे सरांनीही ऐकलं असणार. ते जिप्सीत बसले. मी वासुदेवच्या मागे दोर धरला. त्याने सरकून जागा दिली.

अर्ध्या वाटेवर त्यांनी थांबायला सांगितलं. वाटलं पाय दुखतोय. ते खाली उतरले. जिप्सीला वळसा घालून पुढे आले, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने माझ्यापुढचा दोर धरला. "चलो," म्हणाले, हिंदीतच.

रिकामी जिप्सी मागे, आणि सर आमच्यात. त्यांचा पाय अडखळत पडत होता. आधी पुढची पोरं, मग मधली, मग मागची, सगळ्यांनी पावलं लहान केली. सांगायला लागलं नाही. फाटक फारसं लांब नव्हतं, तरी पोचायला बराच वेळ लागला, आणि कोणीच घाई केली नाही.